भूल देणाऱ्या हातात इकोचा प्रोब

खुब्याचं हाड मोडलेल्या ऐंशीच्या घरातल्या आजी शस्त्रक्रियेसाठी येतात आणि स्टेथोस्कोपवर ठोक्यांमध्ये जादा आवाज ऐकू येतो. महाधमनीच्या तोंडाशी असलेली झडप आकसली असेल, तर पाठीतून दिलेली भूल जिवावर बेतू शकते. भुलीने रक्तवाहिन्या सैलावून रक्तदाब उतरतो. अरुंद झडपेतून जास्त रक्त ढकलून तो सावरणं हृदयाला जमत नाही.

अमेरिकेतल्या अनेक ग्रामीण रुग्णालयांत अशा वेळी उशाशी असते ती नर्स अॅनेस्थेटिस्ट. आपल्याकडे भूल देणं हे डॉक्टरांचं काम. तिथे अतिदक्षता विभागात काम केलेल्या परिचारिका पुढचं शिक्षण घेऊन भूल देतात. मेयो क्लिनिकमधल्या परिचारिका अॅलिस मॅगॉ यांनी तर १९०६ मध्येच चौदा हजारांहून अधिक भुलींचा आढावा प्रसिद्ध केला होता. झडपेसारखा धोका भूल देण्याआधीच ओळखता यावा, म्हणून या परिचारिकांना प्राथमिक इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, शिकवणं मला अत्यंत गरजेचं वाटतं.

शिकायचं असतं ते मोजकंच. डेन्मार्कमधल्या आरहूसचे भूलतज्ज्ञ एरिक स्लॉथ यांनी १९८९ मध्ये 'फेट' ही तपासणीची पद्धत बसवली, तीही ठरावीक प्रश्नांभोवती. डावी जवनिका नीट आकुंचन पावते का? हृदयाभोवती पाणी साचलंय का? उजवी बाजू फुगलीय का? शरीरात रक्त-पाणी कमी पडलंय का?

खरी कसोटी हाताची. रुग्णाला डाव्या कुशीवर वळवायचं, जेल लावायचं आणि छातीच्या मधल्या हाडालगत डावीकडे, तिसऱ्या-चौथ्या फटीत प्रोब टेकवायचा. बरगडी आड आली की पडद्यावर काळी सावली, फुफ्फुसातली हवा आली की नुसतं धुकं. रुग्णाला श्वास सोडून थांबायला सांगितलं की हृदय अचानक स्पष्ट दिसतं. तिथेच प्रोब नव्वद अंशांत फिरवला की डावी जवनिका गोल दिसते. रक्त फार कमी असेल तर प्रत्येक ठोक्याला तिच्या भिंती एकमेकींना जवळजवळ चिकटतात. हे एकदा पाहिलं की सलाइन वाढवायचं की औषधाने दाब चढवायचा, हा निर्णय अंदाजावर राहत नाही.

झडप जाड झालीय, कमी उघडतेय, एवढं या तपासणीत कळू शकतं. ती किती अरुंद आहे हे मोजायला मात्र पूर्ण इको आणि कार्डिओलॉजिस्टच हवेत. कुठे थांबायचं, हेही अभ्यासक्रमातच यायला हवं. सिम्युलेटरवर हात बसतो, पण आजारी हृदय रुग्णाशेजारीच ओळखू येतं. दोन दिवसांच्या कार्यशाळेनंतर जाणकाराने परिचारिकेच्या क्लिप्स महिनोन्महिने तपासून द्यायला हव्यात, आणि त्यासाठीचा वेळ रुग्णालयाने ड्यूटीतच धरायला हवा.