चाळिशीचा खांदा

बोदवडच्या जिममध्ये रोज पहाटे बेंच प्रेस मारणारा चाळिशीकडे झुकलेला गडी एक दिवस फळीवरचा डबा काढताना कळवळतो. हात ६० ते १२० अंशांदरम्यान वर नेताना दुखतो, त्या कुशीवर झोपवत नाही. जळगावला एमआरआय होतो. अहवालात ‘रोटेटर कफ टेअर’ दिसले, की गड्याचे तोंड उतरते.

खांद्याची खोबण बशीसारखी उथळ. हाडाचा गोळा तिच्यात धरून ठेवायचे काम मुख्यतः चार छोट्या स्नायूंचे; हाच रोटेटर कफ. त्यातल्या वरच्या स्नायूचा कंडरा वयानुसार विरत जातो. छाती-दंड भराभर फुगतात, कंडरा त्या वेगाने बळकट होत नाही. सगळी गोम इथेच आहे.

झिजून पडलेल्या छोट्या फाटीला आधी फिजिओथेरपी. बऱ्याच जणांचे त्यावर भागते. पडल्याने कंडरा पूर्ण तुटला, हातच उचलेना, तर मात्र चालढकल नको. स्नायू आखडतो, त्यात चरबी भरते, मग टाके नीट धरत नाहीत.

शस्त्रक्रिया बहुधा दुर्बिणीतून होते. पुढे ४ ते ६ आठवडे हात झोळीत, ताकदीचे व्यायाम साधारण ३ महिन्यांनी, जड वजने ६ महिन्यांच्या आसपास. सचिन तेंडुलकरच्या खांद्यावर मार्च २००६मध्ये लंडनला शस्त्रक्रिया झाली. सप्टेंबरमध्ये क्वालालंपूरला त्याने वेस्ट इंडिजविरुद्ध नाबाद १४१ धावा काढल्या. त्याच्या दिमतीला फिजिओ होते. आपल्या दिमतीला ‘हलकंच मार रे’ म्हणणारे मित्र! चालणे लवकर सुरू करता येते. जोर मात्र डॉक्टर सांगेपर्यंत बंद.