गावाचा प्रश्न आणि विद्यार्थ्याचा प्रकल्प

केंद्रीय आयुर्वेदीय विज्ञान अनुसंधान परिषदेने २०२२ साली पदवी विद्यार्थ्यांसाठी ‘स्पार्क’ ही शिष्यवृत्ती सुरू केली. दोन महिन्यांत पुरा होईल असा विषय सुचवा, असे म्हणत विद्यार्थी आपल्याकडे येतात, ते यामुळेच. आपण बहुधा एखादे चूर्ण आणि एखादा व्याधी सुचवून मोकळे होतो. वास्तविक चरकाचार्यांनी विमानस्थानात देशपरीक्षा सांगितली आहे. रुग्ण कोठे जन्मला, कोठे वाढला, तेथील आहार-विहार कसा, तेथे कोणते व्याधी अधिक, हे वैद्याने जाणावयाचे असते. विषय तेथूनच निघावा.

आंतरवासितेत मीही छापील प्रश्नावली घेऊन एका गावी गेलो होतो. दिवस कापूस वेचणीचे, वेळ दुपारची, घरोघर कुलपे. एक वृद्धा तेवढी भेटली. ‘‘मांगच्या सालीबी लिहून नेलं होतं, त्याचं काय झालं?’’ असे तिने विचारले. मजजवळ उत्तर नव्हते.

डॉ. राणी व डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांत केलेला स्त्रीरोगांचा अभ्यास १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. ६५० स्त्रिया तपासल्या गेल्या. त्यांपैकी ९२ टक्के स्त्रियांत स्त्रीरोग आढळले, आणि पूर्वी तशी तपासणी झालेल्या केवळ ८ टक्के होत्या. गावाच्या विश्वासाखेरीज इतक्या स्त्रिया तपासणीस आल्या नसत्या.

आपल्या जिल्ह्याचा प्रश्न दूर शोधावा लागत नाही. २०१७ च्या हंगामात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. शेकडो रुग्णालयात दाखल झाले. कपाशी त्या वर्षी उंच वाढली होती, त्यामुळे फवारा तोंडावर येई. फवारणाऱ्याने काय पांघरले होते, औषधे कोणी मिसळली, त्रास होताच तो प्रथम कोणाकडे गेला, रुग्णालयात पोहोचेपर्यंत किती तास गेले, हे विद्यार्थी दोन महिन्यांत विचारू शकतो. अशा रुग्णांवर औषधाचा प्रयोग मात्र त्याने योजू नये. भेटीत कोणास घाम, लाळ, धूसर दृष्टी, श्वासाचा त्रास आढळल्यास त्यास तत्काळ रुग्णालयात कसे पोहोचवावयाचे, हे आराखड्यातच लिहिलेले असावे.

प्रश्नावली छापण्यापूर्वी ती चार मजुरांना आणि आशाताईंना वाचून दाखवावी. निम्मे प्रश्न बदलतात, असा माझा अनुभव आहे. त्यानंतरच ती संस्थेच्या नीतिसमितीपुढे न्यावी. समितीच्या मंजुरीस लागणारा अवधी विद्यार्थी हिशेबात धरीत नाहीत आणि फवारणीचा हंगाम निघून जातो. भेटी सायंकाळी, मजूर घरी परतल्यावर ठेवाव्यात. संमतीपत्र मराठीत असावे. बंजारा तांड्यावर किंवा कोलाम पोडावर जावयाचे तर त्यांची बोली जाणणारा गावातीलच मनुष्य सोबत हवा.

त्रास होताच माणूस प्रथम आपल्या दवाखान्यात वा औषधी दुकानात येतो. म्हणून औषधविक्रेते बंधूंनी हंगामात अशा तक्रारींची तारीखवार नोंद ठेवल्यास विद्यार्थ्यास मोठे साहाय्य होईल. नावे मात्र देऊ नयेत. आणि विषयास होकार देण्यापूर्वी वैद्यांनी विद्यार्थ्याकडून ग्रामसभेत निष्कर्ष वाचून दाखविण्याची तारीख लिहून घ्यावी.