कोपर आपटल्यावर करंट का लागतो?

दाराच्या कडेवर कोपर आपटलं की थेट करंगळीपर्यंत करंट जातो ना? तो हाडाचा नाही, अल्नर नसेचा! मज्जारज्जूतून मज्जातंतूंच्या 31 जोड्या निघतात. त्यातल्या मानेच्या तळाशी निघणाऱ्या तंतूंपासून ही नस बनते. दंडात ती स्नायूंच्या आड सुरक्षित असते, पण कोपराच्या आतल्या बाजूला, हाडामागच्या खाचेत, अगदी कातडीखाली येते. हलकेच चाचपून बघा, दोरीसारखी सरकते.

दणका बसतो कोपराला, पण ही नस करंगळी आणि अर्ध्या अनामिकेची संवेदना वाहून नेते, म्हणून मेंदूला वाटतं बोटंच झिणझिणली. अंगठ्याला काही होत नाही. मला हे फार भारी वाटतं! फोन कानाला लावून बराच वेळ बोललात तरी तीच बोटं बधिर होतात, कारण वाकलेल्या कोपरात नस ताणली जाते.