पाडण्यापूर्वी मोजदाद

चोपड्याच्या जुन्या वस्तीत एखादे धाब्याचे घर पाडायला काढले की त्याचा हिशेब बहुधा एका सकाळीच उरकतो. सागवानी खांब, तुळया, दारे, चौकटी यांचा उक्ता सौदा होतो, माती ट्रॅक्टरने गावाबाहेर जाते आणि त्याच जागेवर सिमेंट, लोखंड व वाळू चढ्या दराने येऊन पडते. दुकानातील नगान्‌नगाची नोंद ठेवणारी कुटुंबे घरातला हा माल मात्र न मोजताच विकून टाकतात.

धाब्याचे घर खानदेशाचा उन्हाळा ओळखूनच रचलेले असे. पारा ४५ अंशांच्या आसपास गेला तरी मातीच्या जाड भिंतीतून उष्णता सावकाश सरकते. दुपारचे ऊन आत पोचेपर्यंत सायंकाळ उलटते. तुळयांवर लाकडी किलचन आणि त्यावर मातीचा जाड थर, असे छप्पर. पावसाळ्यापूर्वी त्यावर खारी माती पसरली की गळती आटोक्यात राही. यातील बहुतेक साहित्य जवळपासचेच असे.

हा विचार परिसराला नवा नाही. शेजारच्या यावल तालुक्यातील फैजपूर येथे डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन झाले. गांधीजींच्या आग्रहावरून चित्रकार नंदलाल बोस यांनी तेथील टिळकनगर बांबूसारख्या स्थानिक साहित्यातून सजविले. त्याच वर्षी वर्ध्याजवळच्या शेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात, गांधीजींचे ‘आदिनिवास’ उभे राहिले. पुढे ज्या ‘बापू कुटी’त ते राहिले, ती मूळची मीराबेन यांनी स्वतःसाठी बांधवून घेतलेली. माती, बांबू, लाकूड आणि कौले यांची ही वास्तू नियमित निगेमुळे आजही उभी आहे.

गांधीजींच्या याच विचाराने ब्रिटिश वास्तुविशारद लॉरी बेकर प्रभावित झाले. आदर्श घराचे साहित्य पाच मैलांच्या परिघातले असावे, हे गांधीजींचे म्हणणे त्यांनी आयुष्यभर जपले. केरळात घरे बांधताना जुनी दारे, कौले, विटा त्यांनी आवर्जून वापरल्या.

आपल्या घराबाबत हे कसे साधावे? पाडकाम सरसकट न करता वरून खाली, टप्प्याटप्प्याने उतरवावे. चुन्यात बांधलेल्या विटांचा चुना सहज खरवडला जातो. सिमेंटमधील विटा मात्र बहुधा फुटतात. वर्षानुवर्षे वाळलेले जुने सागवान नव्या लाकडासारखे वाकत नाही. तथापि प्रत्येक तुळई ठोकून पाहावी, खिळे काढावेत आणि भिंतीत दडलेले टोक ओल वा वाळवीने पोखरले असल्यास कापून टाकावे. भिंतीची माती चाळून, भिजवून पुन्हा वापरता येते. नव्या मातीच्या भिंतीला खाली उंच दगडी जोते आणि वर पुढे आलेली वळचण हवीच. भार पेलणाऱ्या प्रत्येक भागाची अभियंत्याकडून तपासणी करून घ्यावी. कर्ज घ्यावयाचे असल्यास नगरपालिकेची परवानगी व अभियंत्याचे अंदाजपत्रक आधी हाती असावे.

या जमाखर्चाला नावेची बाजूही आहे. मातीचे काम जाणणारे कारागीर कमी झाले आहेत, मजुरीचे दिवस वाढतात आणि दरवर्षी डागडुजी करावी लागते. घरधन्याला स्वतः उभे राहून काम करून घ्यावे लागते. ज्यांना हे जमणार नाही, त्यांनी निदान दारे, चौकटी, विटा आणि जोत्याचे दगड तरी नव्या बांधकामात घ्यावेत.

पणजोबांनी निवडून आणलेले सागवान आज त्याच प्रतीचे आणावयाचे म्हटले तर काय भाव पडेल, हे वखारीत एकदा विचारून पाहावे आणि मगच सौदा करावा. मोडीच्या भावात जाते ते अनेकदा घराचे मुद्दल असते.