सावरगावला लवकर कसं पोहोचायचं?

मुंबई-नागपूर विमानाने दीड तास आणि समृद्धी महामार्गाने आठ तास, असं सगळे सांगतात. पण आपल्यापैकी कुणालाच नुसतं नागपूरला जायचं नसतं. जाम नदीच्या काठावर, सावरगावच्या घरी पोहोचायचं असतं. म्हणून मी दारापासून दारापर्यंतचा हिशोब मांडून पाहिला.

आधी विमान. ठाण्याहून विमानतळ दीड तास, तिथे दोन तास आधी हजेरी, प्रवास दीड तास, सामान घ्यायला अर्धा तास. नागपूरहून सावनेर, केळवदमार्गे पांढुर्णा सुमारे शंभर किलोमीटर. शहरातली गर्दी धरून अडीच तास ठेवा. एकूण आठ तास.

आता गाडी. समृद्धी महामार्ग आमणे ते नागपूर ७०१ किलोमीटर आहे, ५ जून २०२५ पासून तो पूर्ण खुला झाला. ठाण्याहून आमणे एक तास, पुढे आठ, चहा-जेवण-विश्रांती दीड तास आणि नागपूरनंतरचे अडीच. एकूण तेरा तास.

म्हणजे कागदावर साडेसहा तासांचा दिसणारा फरक प्रत्यक्षात पाच तासांचा आहे. चौघांचं कुटुंब, सामान आणि परतताना संत्र्यांच्या पेट्या असतील, तर गाडीच बरी.

अमरावतीजवळच्या बेलोरा विमानतळावरून एप्रिल २०२५ मध्ये मुंबईची सेवा सुरू झाली, तेव्हा अनेकांना वाटलं आता सोपं झालं. पण मोर्शी-वरूडमार्गे पांढुर्णा तिथून नागपूरपेक्षा जवळ नाही. आपलं विमानतळ नागपूरच.

खरा प्रश्न येतो तो रात्री दहाला फोन वाजतो आणि आजोबांना बरं नाही असं कळतं तेव्हा. त्याच क्षणी गाडी काढली, तर दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला पोहोचाल, तेही रात्रभर एकट्याने गाडी चालवून. सकाळी सहाचं विमान मिळालं, तर साडेदहाला घरी. शिवाय गंभीर आजारी माणसाला आपल्याकडचे लोक बहुतेक वेळा नागपूरलाच हलवतात. मग आठ-साडेआठलाच तुम्ही त्यांच्याजवळ असता. घाबरून गाडी काढण्याआधी हे गणित आठवा, आणि रुग्णाला कुठे नेत आहेत ते आधी विचारा.

नागपूर आपल्याला इतकं जवळचं का, हेही नव्या पिढीने जाणून घ्यावं. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत आपली राजधानी नागपूरच होती. राज्यांची पुनर्रचना झाली आणि राजधानी गेली भोपाळला, म्हणजे सातपुडा आणि नर्मदा ओलांडून सुमारे अडीचशे किलोमीटरवर. दवाखाना, कॉलेज, लग्नाचा बस्ता मात्र नागपूरलाच राहिला. २०२३ मध्ये पांढुर्णा-सौंसर मिळून वेगळा जिल्हा झाला, तेव्हा जिल्ह्याच्या कामासाठीची छिंदवाड्याची वारी तरी वाचली.

शेवटी एक सूचना. पोळ्याला येणार असाल, तर आदल्या दिवशीच पोहोचा. दुसऱ्या दिवशी गोटमार असते, तेव्हा नदीच्या दोन्ही काठांवर तुफान गर्दी असते. मग विमानाने वाचवलेले पाच तास पांढुर्ण्याहून सावरगावला येण्यातच जायचे!