वीज कडाडते आभाळात, फ्रिज जळतो घरात

कोल्हापूर-गारगोटी रस्त्यावरचे बिद्री हे कागल तालुक्यातील गाव दूधगंगा-वेदगंगा सहकारी साखर कारखान्यामुळे साऱ्या जिल्ह्याला ठाऊक आहे. गळिताचा हंगाम संपतो, उन्हे तापतात आणि एखाद्या दुपारी आभाळ भरून येते. वळीव येतो तो विजा घेऊनच. अशा पावसानंतर लाईट परत येते, पण कोणाचा टीव्ही लागत नाही, कोणाचा फ्रिज गार होत नाही. बिद्रीच काय, महाराष्ट्रातल्या कोणत्याही खेड्यात हे घडू शकते.

श्रीमंताचा फ्रिज जळाला तर तो दुसरा आणतो. आपल्या घरात फ्रिज येतो तो हप्त्यावर. वस्तू भंगारात जाते आणि हप्ते मात्र चालूच राहतात. म्हणून हा विषय आम्ही मुद्दाम कुटुंबाच्या पानावर घेत आहोत.

पायाळू माणसाला वीज ओढून घेते, अशी समजूत आपल्याकडे अजून ऐकू येते. तिला कसलाही आधार नाही. वीज ना पायाळू पाहते, ना नशीब पाहते. ती जमिनीकडे जाणारी वाट शोधते. ही एक गोष्ट समजली की पुढचे सगळे सोपे आहे.

घरावर वीज न पडताही घरातली वस्तू कशी जळते? गावातल्या तारा उघड्यावर, खांबांवरून येतात. जवळपास वीज पडली तरी त्या तारांत दाबाची प्रचंड उसळी येते. घरात २३० व्होल्टचा पुरवठा असतो. उसळीत तो दाब क्षणभर हजारो व्होल्टवर जातो. हा क्षण सेकंदाच्या लाखाव्या भागाइतका लहान असतो, पण टीव्ही, सेट-टॉप बॉक्स, एलईडी बल्ब यांच्यातले नाजूक भाग जाळायला तेवढा पुरतो. यालाच सर्ज म्हणतात.

"आमच्या बोर्डात एमसीबी आहे, आम्हाला काय भीती?" असे पुष्कळजण विचारतात. एमसीबीचे काम वेगळे आहे. वायरिंगमधून जास्त प्रवाह वाहिला किंवा शॉर्टसर्किट झाले की ती पडते. सर्ज तिच्या पडण्याआधीच येऊन जातो.

सर्जसाठी सर्ज प्रोटेक्शन डिव्हाइस, थोडक्यात एसपीडी, नावाचे यंत्र मिळते. ते एमसीबीच्याच पेटीत बसते. घरगुती एसपीडीत बहुधा झिंक ऑक्साइडची चकती असते. नेहमीच्या दाबाला ती वीज अडवून धरते. दाब मर्यादेबाहेर चढला की ती डोळ्याचे पाते लवण्याच्या कितीतरी आधी वाट मोकळी करते आणि उसळी अर्थिंगच्या तारेने जमिनीत सोडते. धरणाला पूर आला की सांडव्यावरून पाणी सोडतात, तसेच हे.

पण सांडव्यापुढे ओढाच नसेल तर पाणी कोठे जाणार? बोर्डात महागातले यंत्र आहे आणि अर्थिंग नावापुरती, अशा घरात त्या यंत्राचा भरवसा धरता येत नाही. जुन्या घरांत अर्थिंगची तार नळाच्या लोखंडी पाइपला बांधलेली असे. आता पाइप प्लास्टिकचे झाले; तार तशीच बांधलेली असली तरी जमिनीशी संबंध उरला नाही. काही घरांत तीन पिनांच्या प्लगची मोठी पिन मोडून तो दोन भोकांत बसवतात. ती मोठी पिन म्हणजेच अर्थिंग. ती मोडली की वस्तूचे आणि माणसाचेही संरक्षण गेले.

म्हणून क्रम असा धरावा: आधी अर्थिंग, मग यंत्र. घराजवळ खड्डा घेऊन त्यात अर्थिंगचा पाइप किंवा पत्रा बसवावा. जमीन कोरडी पडली की अर्थिंग कमजोर होते, म्हणून उन्हाळ्यात तेथे पाणी घालावे. परवानाधारक वायरमनकडून मीटर लावून ती तपासून घ्यावी. एसपीडी बसवताना तिच्या जोडतारा आखूड, सगळ्या मिळून अर्ध्या मीटरच्या आत ठेवाव्यात. तार लांबली की संरक्षण घटते. घरातील मुख्य बोर्डासाठी साधारणपणे 'टाइप २' प्रकारची एसपीडी वापरतात. इमारतीवर तडितरक्षक असेल तर 'टाइप १' लागते. उसळ्या झेलून यंत्र झिजते. पुष्कळ यंत्रांवर लहान खिडकी असते. ती हिरवी असेपर्यंत ठीक, लाल झाली की यंत्र बदलावे.

या यंत्राच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. डीपीजवळ किंवा खांबावर न्यूट्रलची तार तुटली तर घरात ४०० व्होल्टपर्यंत दाब येऊ शकतो आणि तो तसाच टिकून राहतो. एसपीडी क्षणाच्या उसळीसाठी आहे. अशा वेळी ती स्वतःच जळते. त्यासाठी जास्त दाब आला की पुरवठा तोडणारे वेगळे यंत्र लागते. बल्ब एकाएकी लखलखू लागले तर ताबडतोब मेन स्विच बंद करावा आणि १९१२ या क्रमांकावर कळवावे.

दुसरे, एसपीडी वस्तू वाचवते, माणूस नाही. शॉक लागल्यावर पुरवठा तोडते ती आरसीसीबी. घरासाठी ती ३० मिलीअँपिअरची घ्यावी. पैसे थोडे असतील तर अर्थिंग आणि आरसीसीबी आधी, एसपीडी त्यानंतर.

बिनपैशाचा उपायही आहे. आभाळ भरून येताच टीव्ही, फ्रिज यांचे प्लग उपटून ठेवावेत. नुसते बटण बंद करून भागत नाही. आभाळातून जमिनीपर्यंत आलेल्या विजेला बटणातली फट ती काय! छत्रीची केबलही टीव्हीपासून सोडवावी. मात्र विजा डोक्यावर कडाडू लागल्यावर प्लगला किंवा तारेला हात लावू नये. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेले 'दामिनी' ॲप विजेची पूर्वसूचना देते. घरातल्या मुलांनी ते मोबाइलवर घ्यावे.

१९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी देशाच्या वीजधोरणाकडे जातीने लक्ष दिले. वीज स्वस्त आणि मुबलक मिळावी, असा त्यांचा आग्रह होता. १९४४ साली केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ स्थापन झाले ते याच काळात. आज वीज आपल्या घरात आली आहे. ती सुरक्षित ठेवण्याचे ज्ञानही घरात यायला हवे.

रमाई आवास योजनेतून अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबांची घरकुले उभी राहतात. २६९ चौरस फुटांचे ते घर बांधताना फरशीचा रंग निवडण्याआधी वायरमनला एकच प्रश्न विचारा: "अर्थिंगचा खड्डा कोठे घेणार?" पाया उघडा असतानाच हे काम स्वस्तात होते. जुन्या घरात राहणाऱ्यांनी पुढचा वळीव येण्याआधी आपला बोर्ड एकदा उघडून दाखवावा. हे काम एका दिवसाचे आहे. जळालेल्या फ्रिजचे हप्ते मात्र महिनोन् महिने फेडावे लागतात.