गाठ दिसली, पण काढायची का?

‘उजव्या अंडाशयात ४२ मिलिमीटरची सिंपल सिस्ट.’ सोनोग्राफीच्या रिपोर्टमधली ही एक ओळ घरादाराची झोप उडवते. पाळी चालू असलेल्या बाईच्या बाबतीत ती बहुतेक वेळा बिनधोक असते.

दर महिन्याला बीज वाढतं तेच मुळी पाण्यानं भरलेल्या पिशवीत. पिशवी दोन-अडीच सेंटीमीटरची झाली की फुटते आणि बीज बाहेर पडतं. एखाद्या महिन्यात ती फुटत नाही, नुसतीच फुगत राहते, झाली सिस्ट! दोन-तीन पाळ्यांत ती बहुधा आपोआप जिरते. त्यासाठी गर्भनिरोधक गोळ्या देण्याची पद्धत जुनी आहे, पण गोळ्यांनी ती लवकर जिरते असं चाचण्यांत दिसलेलं नाही. ब्रिटनमधल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजच्या मते, पाळीच्या वयात ५ सेंटीमीटरपर्यंतच्या साध्या गाठीला सहसा फेरतपासणीही लागत नाही. ५ ते ७ असेल तर वर्षानं सोनोग्राफी. त्यापुढे एमआरआय किंवा शस्त्रक्रियेचा विचार.

आकाराइतकंच, किंबहुना जास्तच, महत्त्व आत काय आहे याला. डर्मॉइडमध्ये केस, चरबी, कधी चक्क दात निघतात. चॉकलेट सिस्टमध्ये जुनं काळपट रक्त. या गाठी सहसा जिरत नाहीत. आत घट्ट भाग आणि त्यात रक्तप्रवाह दिसला, तर कॅन्सरची शंका धरूनच पुढे जायचं. पाळी गेल्यावरच्या गाठीकडे तर अधिकच बारकाईनं पाहावं लागतं. तिथं सीए-१२५ ही रक्तचाचणी उपयोगी पडते. तरुणपणी ती फसवते: एंडोमेट्रिओसिसमध्ये, पोटाच्या क्षयरोगात, इतकंच काय, पाळीच्या दिवसांतही आकडा ३५ च्या वर जाऊ शकतो.

घाई करायची ती पिळा पडल्यावर. गाठीच्या भारानं अंडाशय स्वतःच्या देठाभोवती फिरतो. पातळ भिंतीच्या शिरा आधी दबतात, धमनीतून रक्त येतच राहतं. अंडाशय सुजतो, काळानिळा पडतो. एका बाजूला अचानक जीवघेणी कळ आणि उलट्या. पित्त समजून रात्र काढली तर अंडाशय हातचा जाऊ शकतो. वेळेत दुर्बिणीतून पीळ सोडवला, तर काळा पडलेलाही पुष्कळदा सावरतो. म्हणून तरुण मुलींमध्ये हल्ली तो सहसा काढत नाहीत.

साध्या गाठीची फेरतपासणी सांगितली असेल, तर ती पाळी संपल्या संपल्या करावी. नाहीतर त्या महिन्याची नवी पिशवीच जुनी गाठ म्हणून मोजली जायची.